पाणी मुरतं ते टाइलखाली

टाइल लावलेल्या ओट्यावर, सिंकच्या पुढच्या काठाला, नेमकी नळासमोर, दोन टाइलांच्या सांध्यात केसाएवढी भेग दिसते. आपण सांधे भरायचं ग्राउट आणतो, भेग बुजवतो, ओल्या फडक्यानं पुसून घेतो. काही महिन्यांत भेग पुन्हा तिथेच. पुन्हा ग्राउट. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. बिघाड ग्राउटमध्ये नसतोच. टाइलखाली काहीतरी हलतंय किंवा फुगतंय, एवढंच ती भेग सांगत असते.

माझ्या बाथरूममधला बेसिनचा ओटा असाच होता. तिसऱ्यांदा ग्राउट भरण्याऐवजी मी बेसिनलगतची एक टाइल पटाशीनं उचकटायला घेतली. जोर लावावाच लागला नाही, ती हातात आली. उलटी करून पाहिली तर सगळं ॲडहेसिव्ह टाइलच्या पाठीला घट्ट चिकटलेलं आणि त्यावर भुऱ्या लाकडी भुश्याची पातळ साय. म्हणजे टाइल आणि ॲडहेसिव्ह यांची जोडी शाबूत होती. सुटला होता तो खालचा पाया. ज्यानं ओटा केला होता त्यानं टाइल थेट पार्टिकल बोर्डवर, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर, लावली होती. बेसिनसाठी कापलेल्या कडेला तो बोर्ड भिजलेल्या वहीसारखा फुगला होता, आणि नखानं खरवडलं तरी त्याचा चुरा पडत होता.

टाइल कुठली घ्यायची, रंग कुठला, ग्राउट गडद की फिकं, यावर घरात आठवडाभर चर्चा होते. टाइलखाली काय असणार आहे, हे कुणी विचारतही नाही. आणि ओटा पाच वर्षं टिकणार की पंचवीस, ते बहुतेक तिथेच ठरतं. म्हणून हा लेख टाइलबद्दल नाही. टाइलचं पहिलं ॲडहेसिव्ह कालवण्याआधी जे करायचं असतं, त्याबद्दल आहे.

टाइलला दोन गोष्टी सोसत नाहीत

टाइल म्हणजे भाजलेली माती. तिच्यावर वजन ठेवा, ती निमूट सोसते. पण तिला वाकवायला गेलात तर ती वाकत नाही, तुटते. लाकडी फळी मधोमध एखादा मिलिमीटर दबून पुन्हा वर येते आणि आपल्याला कळतही नाही. टाइलला तेवढंही जमत नाही. खालचा पाया दबला की ताण सगळ्यांत कमकुवत जागी जातो, आणि ती जागा बहुतेक वेळा सांधा असते. म्हणून आधी सांध्यात भेग, मग टाइलचा आवाज बद्द, आणि शेवटी टाइल सुटी.

दुसरी गोष्ट पाणी. टाइलचा चकचकीत पृष्ठभाग पाणी शोषत नाही, म्हणून अख्खा ओटाच जलरोधक झाला असं आपण धरून चालतो. तसं नसतं. साधं सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं. त्यातून पाणी हळूहळू, दिसणार नाही अशा वेगानं, खाली जातं. इपॉक्सी ग्राउट पाणी जवळजवळ शोषत नाही, पण सिंकच्या कडेचं सिलिकॉन कधी ना कधी सुटतंच, नळाच्या बुडाशी फट पडते, आणि पाण्याला तेवढी वाट पुरते. तेव्हा पाणी खाली पोहोचणारच, असं धरूनच पाया तयार करावा. पोहोचल्यावर त्यानं काही बिघडू नये, इतकंच आपल्या हातात आहे.

आधी कपाटं

ओटा लाकडी कपाटांवर बसणार असेल तर काम कपाटांपासून सुरू होतं. कपाटं भिंतीला आणि एकमेकांना स्क्रूनं पक्की आवळलेली हवीत. त्यांच्या वरच्या कडा स्पिरिट लेव्हलनं तपासायच्या, आणि जिथे खाली असेल तिथे पाचर घालून उचलायचं. हे आत्ताच करायचं. नंतर वरून ॲडहेसिव्हचा जाड थर देऊन उतार काढू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. त्याचं कारण पुढे येईल.

मग आधार. कपाटांवर जे प्लायवूड येणार, त्याला खालून साधारण ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर मोकळं असू नये. रुंद कपाट असेल तर मधे एक आडवी पट्टी टाकावी. सिंकच्या कपाटात ती हमखास राहून जाते, कारण तिथे पाइप असतात. आणि सगळ्यांत जास्त वजन तिथेच येतं: पाण्यानं भरलेलं सिंक, त्यावर टेकलेली माणसं, कधी ओट्यावर चढून बल्ब बदलणारं कुणीतरी.

कपाटांवर पहिला थर म्हणून किमान १८ मिलिमीटर जाडीचं, ओलीत टिकणाऱ्या गोंदानं बनवलेलं प्लायवूड घालावं. पार्टिकल बोर्ड नको, एमडीएफ नको. दोन्हींत लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून चिकटवलेले असतात. ते एकदा फुगले की वाळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. जिप्सम बोर्ड तर या जागी आणूच नये.

इथे एक गैरसमज आहे, तो दूर करतो. ‘मरीन प्लाय घातलंय, आता पाण्याची चिंता नाही,’ असं खूपदा ऐकू येतं. मरीन प्लायमधला गोंद पाण्याला दाद देत नाही, म्हणून त्याचे थर सुटत नाहीत. पण थर शेवटी लाकडाचेच आहेत. लाकूड ओल धरणार, थोडं फुगणार, वाळल्यावर आकसणार. हे फुगणं-आकसणं तंतूंच्या लांबीत नगण्य आणि आडव्या दिशेनं बरंच असतं. प्लायमध्ये थर आलटून-पालटून आडवे-उभे चिकटवतात, त्यामुळे हालचाल खूप कमी होते, पण संपत नाही. म्हणूनच चांगल्या प्लायवरही टाइल थेट लावायची नाही. आणि दोन प्लायच्या मधे, तसंच प्लाय आणि भिंतीच्या मधे, ३ मिलिमीटरची फट सोडायची. फट न सोडता चपखल बसवलेलं प्लाय दिसायला फार सफाईदार असतं. पावसाळी हवेत त्याला फुगायला जागा मिळत नाही आणि ते सांध्यावर उंचावतं.

प्लाय बसल्यावर दोन्ही तळहात त्यावर ठेवून अंगाचं वजन टाकून बघा, विशेषतः सिंकच्या जागेपुढे आणि दोन कपाटांच्या मधोमध. किंचितही लवचिक वाटलं, कुठे करकर ऐकू आली, तर तिथेच थांबा आणि आधार वाढवा. हलणाऱ्या पायावर कुठलंही महाग ॲडहेसिव्ह टिकणार नाही.

सिमेंट बोर्ड आणि त्याखालचा थर

प्लाय ताकद देतं. टाइलला धरायला मात्र त्यावर सिमेंट बोर्ड, म्हणजे सिमेंटची तयार पातळ फळी, लागतो. ओट्यासाठी ६ मिलिमीटर जाडीचा पुरतो, कारण वजन प्लाय पेलतं. सिमेंट बोर्ड कुजत नाही आणि भिजल्यानं लाकडासारखा फुगत नाही. पण तो पाणी अडवतही नाही. पाणी त्यातून आरपार खाली प्लायपर्यंत जाऊ शकतं. हा फरक न समजल्यामुळे बिघडलेले ओटे कमी नाहीत.

बोर्ड कापताना ग्राइंडर वापरायचा मोह होतो. ग्राइंडरनं जी बारीक पांढरी धूळ उडते, तिच्यात सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. त्यापेक्षा टोकदार कटरनं पट्टी धरून दोन-तीनदा खोल रेघ ओढावी आणि बोर्ड टेबलाच्या कडेवर दाबून मोडावा. रेघेवर स्वच्छ तुटतो. गोल किंवा आतल्या कापासाठी ग्राइंडर लागलाच तर घराबाहेर, चांगला मास्क लावून.

आता सगळ्यांत जास्त टाळली जाणारी पायरी. बोर्ड प्लायवर नुसता ठेवून स्क्रू मारायचे नाहीत. आधी प्लायवर सिमेंटचं टाइल ॲडहेसिव्ह, लाकडावर चालणारं, दातेरी थापीनं पसरायचं आणि ते ओलं असतानाच बोर्ड दाबून बसवायचा. बोर्ड स्क्रूनं धरलेला असताना हा थर कशाला, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. प्लाय कितीही सरळ दिसलं तरी त्यात बारीक खोलगट जागा असतात. नुसता ठेवलेला बोर्ड तिथे अधांतरी राहतो, आणि वर जड भांडं आदळलं की तेवढाच तुकडा दबतो. ओला थर त्या पोकळ्या भरून काढतो. चिकटवण्यापेक्षा त्याचं खरं काम हेच आहे. थापीच्या रेघा सगळ्या एकाच दिशेला, सरळ ओढाव्यात, म्हणजे बोर्ड दाबताना हवा बाहेर पडायला वाट राहते. गोल-गोल फिरवलेल्या रेघांत हवा कोंडते.

मग स्क्रू, गंज न धरणारे, साधारण २० सेंटिमीटरवर एक. कडेच्या फार जवळ मारले तर बोर्डाचा कोपरा फुटतो, म्हणून कडेपासून १२ मिलिमीटर आणि कोपऱ्यापासून ५ सेंटिमीटर आत. स्क्रूचं डोकं बोर्डाच्या पातळीत यावं; मशीनच्या जोरानं आत घुसलं तर ते काहीच धरून ठेवत नाही. स्क्रूची लांबी निवडताना खालचे ड्रॉवर आठवा. प्लायमधून बाहेर आलेलं टोक हात ओरबाडतं.

बोर्डाचे सांधे प्लायच्या सांध्यांवर येऊ देऊ नका, थोडे सरकवा. बोर्ड-बोर्डमध्येही ३ मिलिमीटर फट ठेवा, ती ॲडहेसिव्हनं भरा, वर जाळीची पट्टी दाबा आणि पुन्हा पातळ हात मारा. जाळी सिमेंटसाठी बनवलेलीच घ्या. जिप्सम बोर्डाच्या सांध्यांना लावायची जाळी दिसायला तशीच असते, पण सिमेंट अल्कधर्मी असल्यामुळे साध्या काचतंतूला हळूहळू खाऊन टाकतं.

हे सगळं वाळल्यावर ब्रशनं लावायचं वॉटरप्रूफ कोटिंग. दोन हात: पहिला आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. स्क्रूची डोकी, सांधे, भिंतीलगतचा कोपरा, पुढची कड, काहीही सुटू नये. भिंतीवर थोडं वर चढवा. दुसरी पद्धत म्हणजे प्लाय आणि बोर्ड यांच्या मधे प्लास्टिकचा किंवा डांबरी कागदाचा थर घालणं. मला वरचं कोटिंग जास्त पटतं, कारण पाणी बोर्डात शिरण्याआधीच अडतं. पण खाली प्लास्टिक आणि वर कोटिंग असं दोन्ही करू नका. मधे सापडलेली ओल मग ना वर जाते ना खाली.

सिंकचं भोक

ओट्यातली सगळ्यांत नाजूक जागा ही. भोक पाडलं की पुढे आणि मागे जेमतेम चार बोटं रुंदीची पट्टी उरते, आणि तिच्यावर ताणही जास्त, पाणीही जास्त.

चौकोनी भोक कापताना करवत सरळ कोपऱ्यात नेऊन थांबवली तर कोपरा धारदार राहतो आणि भेग तिथूनच सुरू होते, जशी कागदाला कात्रीचा छोटा काप दिला की कागद तिथूनच फाटत जातो. म्हणून आधी चारही कोपऱ्यांत ड्रिलनं गोल भोकं पाडावीत आणि मग त्यांना जोडत कापावं. गोलाईवर ताण पसरतो. कापताना मधला तुकडा खालून धरून ठेवा. नाहीतर शेवटच्या क्षणी तो स्वतःच्या वजनानं मोडतो आणि प्लायची कड सोलून नेतो.

कापलेली कड म्हणजे प्लायची उघडी बाजू. लाकूड पाणी सगळ्यांत वेगानं पितं ते इथून. तिच्यावर तेच वॉटरप्रूफ कोटिंग भरपूर चोपडा, नळाच्या भोकाच्या आतूनही. माझ्या बेसिनच्या ओट्यात नेमकी हीच कड कोरी सोडलेली होती. पाच मिनिटांचं काम होतं.

भोक कापण्याआधी सिंक आणि नळ प्रत्यक्ष हातात असू द्या. छापील मापावर भागवू नका. आणि थरांची बेरीज करा: १८ चं प्लाय, ६ चा बोर्ड, खालीवर ॲडहेसिव्हचे मिळून ५ च्या आसपास, टाइल ८ ते १०. म्हणजे ओट्याची जाडी साधारण ४० मिलिमीटरच्या घरात जाते. नळाची आटे असलेली नळी तेवढ्या जाडीतून खाली उतरून नट बसण्याइतकी लांब आहे का? शेगडी ओट्यात बसणार असेल तर तिचे चिमटे पुरतील का? पुढच्या कडेला टाइल खाली उतरवली तर वरचा ड्रॉवर उघडेल ना? हे प्रश्न कागदावर सुटतात. टाइल लागल्यावर ते छिन्नीनं सोडवावे लागतात.

सिमेंटचा किंवा दगडी ओटा असेल तर

इथे वाकण्याची भीती कमी, पण चिकटण्याची जास्त. नवीन काँक्रीट ओतलं असेल तर २८ दिवस थांबा. त्या काळात ते ताकद धरतं आणि बरंच आकसूनही घेतं. ते आकसणं टाइल लागल्यावर झालं तर टाइल ओढली जाते.

मग खिळ्यानं ओट्यावर रेघ मारा. पीठ निघालं तर वर कमकुवत साय आहे. काँक्रीट ओतताना पाणी जास्त झालं की सिमेंटचं पातळ पाणी वर येऊन वाळतं, ती ही साय. ती घासून काढावीच लागते, कारण ॲडहेसिव्ह तिला कितीही घट्ट धरेल, पण ती स्वतः खालच्या काँक्रीटला धरून नाही. गुळगुळीत जागेला छिन्नीनं टाकी लावून खडबडीत करावं आणि धूळ पूर्ण झाडून, ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी.

नंतर पाण्याची परीक्षा. ओट्यावर चार-पाच ठिकाणी थेंब टाका. थेंब पसरून आत मुरला तर पृष्ठभाग तयार आहे. मण्यासारखा गोल राहून वरच चमकत बसला तर तिथे तेल, मेण, जुनं सीलर किंवा रंग आहे. शेगडीजवळ हे हटकून दिसतं. तो डाग साबणानं किंवा तेल काढणाऱ्या द्रावणानं घासून, भरपूर पाण्यानं धुऊन पुन्हा थेंब टाका. तरीही मुरला नाही तर घासकाम खोलवर करावं लागेल. घडवून चकचकीत केलेल्या दगडी लादीवर तर थेंब मुरणारच नाही. तिथे पॉलिश घासून काढणं आणि न शोषणाऱ्या पृष्ठभागासाठीचा प्रायमर, दोन्ही लागतं.

उलट बाजूचीही अडचण असते. पृष्ठभाग फारच तहानलेला असेल आणि थेंब पडताक्षणी गडप होत असेल, तर तो ॲडहेसिव्हमधलंही पाणी तसंच ओढून घेतो. सिमेंट ‘वाळून’ घट्ट होतं असं आपण बोलतो, पण ते वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्या क्रियेतून ते कठीण होतं. पाणीच पळालं तर क्रिया अर्धवट राहते, आणि ॲडहेसिव्ह वरून घट्ट पण आतून भुसभुशीत होतं. म्हणून असा ओटा आधी ओला करून घ्यायचा, मात्र वर पाणी साचलेलं नको. हाताला गार लागावा, हात ओला होऊ नये.

खड्डे सिमेंटच्या मालानंच भरावेत. हाताशी आहे म्हणून भिंतीचं प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा जिप्समची पुट्टी भरू नका. ती पाण्यानं मऊ पडते, आणि ओलाव्यात जिप्सम आणि सिमेंट यांची आपसात क्रिया होऊन फुगणारे स्फटिक तयार होतात. ते टाइलला आतून ढकलून सुटी करतात.

जुन्या टाइलांवर नवी टाइल लावायची असेल तर प्रत्येक टाइल लाकडी मुठीनं ठोकून बघा, बद्द वाजेल ती काढून टाका, आणि उरलेल्यांची चमक घासून घालवा. जुन्या सनमायकाखाली बहुधा पार्टिकल बोर्डच असतो. तो पूर्ण काढलेला बरा.

सरळ आणि समतल

हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थानं वापरतो. समतल म्हणजे स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधोमध. सरळ म्हणजे उंचवटे-खळगे नसणं. पृष्ठभाग उतरता असूनही सरळ असू शकतो, आणि टाइलसाठी सरळ असणं जास्त महत्त्वाचं. मोठ्या टाइलांसाठी ३ मीटर लांबीत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असू नये, लहान टाइलांसाठी ६ पर्यंत चालतो. लांब सरळ पट्टी ओट्यावर उभी-आडवी-तिरपी फिरवा, खालून उजेड दिसेल तिथे पेन्सिलीनं खूण करा. खळगे सिमेंटच्या लेव्हलिंग मालानं भरा, उंचवटे घासा.

ॲडहेसिव्हचा जाड थर देऊन खळगा का भरू नये, हे मघाशी राहिलं होतं. पातळ थराचं ॲडहेसिव्ह पातळच राहण्यासाठी बनवलेलं असतं. जाड थर घट्ट होताना जास्त आकसतो आणि टाइलचा तो कोपरा खाली ओढून घेतो. संध्याकाळी बिनचूक लावलेली टाइल सकाळी कोपऱ्यात बसलेली दिसते, ती यामुळे.

शेवटी भिंत. ओटा आणि भिंत वेगवेगळ्या हलतात. त्यांच्यामधल्या ३ मिलिमीटरच्या फटीत ॲडहेसिव्ह सांडू देऊ नका, सांडलं तर ओलं असतानाच खरवडून काढा. टाइल लागल्यावर त्या फटीत ग्राउट भरायचं नाही, सिलिकॉन भरायचं. ते ताणलं जातं आणि परत येतं.

कोटिंग पूर्ण वाळलं की एकदा सगळ्या टाइला ॲडहेसिव्हशिवाय मांडून बघा, सांध्यांच्या फटींसकट. सिंकच्या दोन्ही बाजूंना सारखे तुकडे येतायत का, भिंतीलगत बोटभर रुंदीची चिरोटी तर उरत नाही ना, ते तेव्हाच दिसतं. उरत असेल तर मांडणी अर्ध्या टाइलनं सरकवा, बोर्डावर पेन्सिलीनं मधली रेघ ओढा, टाइला क्रमानं उचलून बाजूला रचा, आणि मग ॲडहेसिव्ह कालवायला घ्या.